सीटखालची टाकी काढून मागे ६० लिटरची बसवायची आहे (विलिज सीजे-३बी)

लो_रेंज

मंडळी, गाडी विलिज सीजे-३बी. उंच बॉनेट, हरिकेन इंजिन, कार्ब्युरेटर, पेट्रोल. मूळ टाकी चालकाच्या सीटखाली, १०.५ अमेरिकन गॅलनची, म्हणजे ४० लिटरला जेमतेम कमी. तळाचा पत्रा आतून असा सोललाय की नवा फिल्टर टाकला तरी लगेच लाल होतो. आतून लेप लावून वेळ मारून नेण्यात आता अर्थ नाही.

नवी करायचीच तर मोठी करावी, असं मनात आहे. लो-रेंजमध्ये (जास्त जोर, कमी वेग देणाऱ्या गियरमध्ये) दिवसभर दगडधोंड्यांतून चालवली की ४० लिटर बघता बघता संपतात. बेत असा: मागे, चासीच्या दोन पट्ट्यांच्या मधे, डिफरन्शियलच्या मागच्या मोकळ्या जागेत ६० सेंमी रुंद, ४० सेंमी लांब, २५ सेंमी खोल अशी चौकोनी टाकी. हिशेबाने बरोबर ६० लिटर. पत्रा ॲल्युमिनियमचा घ्यावा म्हणतोय, वजन वाचेल. मेकॅनिकल पंप आहे तोच ठेवायचा आहे. डॅशबोर्डावरचा मूळ काटाही चालायला हवा, त्यात तडजोड नाही.

कुणी असं केलंय का? कुठे फसायला होतं ते आधीच कळलं तर बरं.

जुना_पत्रा

फसायला सुरुवातीपासूनच होतं. 🙂

टाकी सीटखाली ठेवणारे लोक वेडे नव्हते. तिथे ती दोन्ही धुऱ्यांच्या मधे येते. गाडीखाली काही लोंबत नाही, मागून कुणी धडकलं तरी पेट्रोल लांब राहतं, आणि पंपापर्यंतची नळी आखूड. युद्धातल्या विलिज एमबीला याच जागी १५ गॅलनची, म्हणजे ५७ लिटरच्या आसपासची टाकी होती. लँड रोव्हर सिरीजच्या ८८ इंची गाड्यांनाही सीटखालीच, १० इंपीरियल गॅलन, ४५ लिटर.

माझा सल्ला: मूळ मापाची टाकी चांगल्या पत्र्यात बनवून घ्या आणि सोबत २० लिटरचा एक जेरीकॅन बांधा. झाले ६० लिटर. जर्मनांनी १९३७ च्या सुमारास काढलेलं हे भांडं आजवर कुणाला फारसं सुधारता आलेलं नाही. वर तीन मुठी, म्हणजे दोघांना मिळून एक उचलता येतो, एकाला दोन रिकामे एका हातात धरता येतात. वरच्या कुबडात हवा राहते म्हणून भरलेला कॅन पाण्यावर तरंगतो. बाजूचे ठसे पत्र्याला फुगायला वाव देतात.

लो_रेंज

जेरीकॅन आहेच. पण उतारावर, तापलेल्या गाडीत, नरसाळं धरून पेट्रोल ओतणं मला नकोसं होतं. आणि सीटखाली टाकी म्हणजे केबिनमध्ये कायम वास. झाकण जरा ढिलं राहिलं की पँटलाही.

पाटा_स्प्रिंग

दोघांचंही खरं आहे. पुढे कारखान्यांनीच टाकी मागे नेली. सीजे-५ ची टाकी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सीटखालून मागे गेली, टोयोटा एफजे४० ची त्याच दशकाच्या शेवटी. म्हणजे कल्पना वावगी नाही, फक्त करताना तीन गोष्टी जपा.

पहिली, मागचा सुटण्याचा कोन. खड्ड्यातून वर येताना मागचं टोक टेकतं तिथेच तुम्ही पेट्रोल टांगताय. २५ सेंमी खोली मला जास्त वाटते. खाली जाड पत्र्याचं संरक्षक कवच हवंच, आणि ते टाकीला नव्हे, चासीला बोल्ट करा. दगडाचा धक्का कवचातून चासीत गेला पाहिजे.

दुसरी, डिफरन्शियल. पाटे पूर्ण दबले की धुरा किती वर येतो आणि मागे किती सरकतो ते स्प्रिंगा दाबून प्रत्यक्ष मोजा. उभ्या गाडीवर घेतलेल्या मापावर जाऊ नका.

तिसरी, टाकीसमोर टोकदार काही नको. फोर्ड पिंटोचं प्रकरण ऐकलं असेल. तिथे टाकी मागच्या धुऱ्याच्या मागे होती, मागून धडक बसली की ती पुढे सरकून डिफरन्शियलच्या बोल्टांवर आपटायची आणि फिलरची (पेट्रोल भरायच्या तोंडाची) नळी निसटायची. १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या. दुरुस्ती काय केली, तर मधे प्लॅस्टिकची ढाल आणि फिलरच्या नळीची सुधारित जोडणी. तुमचा आराखडा हुबेहूब त्याच जातीचा आहे, तेव्हा डिफच्या बाजूला ढाल आजच धरून चाला.

टिगवाली

टाक्या बनवणं हेच माझं काम, म्हणून पत्र्याबद्दल लिहिते.

वजन वाचेल हे आधी कागदावर मांडा. तुमच्या मापाच्या टाकीला बाहेरून ९,८०० चौरस सेंमी पत्रा लागतो. ॲल्युमिनियम ३ मिमी घेतलं तर ८ किलोच्या आसपास. पोलाद १.६ मिमी घेतलं तर सव्वाबारा किलो. फरक साडेचार किलोसुद्धा नाही. आत पेट्रोल ४४ किलो! साडेचार किलोसाठी धातू निवडू नका, दुसरं कारण असेल तर निवडा.

ॲल्युमिनियमच्या बाजूने खरं कारण म्हणजे ते गंजून लाल पूड सोडत नाही. विरुद्ध कारणं दोन. एक, थरथरीने वेल्डच्या कडेला तडा जातो, आणि जुन्या जीपइतकी थरथरणारी गाडी शोधून सापडायची नाही. दोन, पोलादी पट्ट्यांनी आवळताना मधे लोक नमदा किंवा गालिच्याचा तुकडा घालतात. तो पाणी धरून ठेवतो, आणि पट्ट्याखालचं ॲल्युमिनियम पांढरं होत होत पोखरलं जातं. मधे पाणी न पिणारं रबर घालायचं, बास.

घेणारच असाल तर ५०५२ किंवा ५०८३ या जातीचं ॲल्युमिनियम घ्या. ६०६१ चा पत्रा हाताला कडक लागतो, पण त्याची ताकद उष्णतोपचारातून आलेली असते. वेल्डच्या आजूबाजूला ती उतरते.

स्टेनलेस ३०४ उत्तम, पण आतल्या बाजूनेही आर्गॉन सोडून वेल्ड करणारा माणूस हवा. नाहीतर शिवणीच्या आत काळी दाणेदार खर तयार होते, आणि ती सुटून जाते कुठे? कार्ब्युरेटरात.

डिझेलवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी: आतून गॅल्व्हनाइज केलेला पत्रा डिझेलला कधीही नाही. जस्ताचं साबणासारखं काहीतरी होऊन फिल्टर आणि इंजेक्टर चोंदतात. तांब्याचंही डिझेलशी पटत नाही.

आणि जुनी टाकी. तिला वेल्डरकडे "जरा ठिगळ लाव" म्हणून नेऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी भयंकर. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ती पेटते, आणि रिकाम्या टाकीत नेमकं असंच मिश्रण तयार व्हायला वाव असतो. गंजाच्या पापुद्र्याखाली आणि शिवणीत मुरलेलं पेट्रोल धुतल्यावरही पुन्हा वाफ देतं. माझ्याकडे अशी टाकी आली तर मी परत पाठवते. माणूस नाराज होतो, होऊ दे.

ओहमचा_नियम

वरचा प्रतिसाद जपून ठेवतोय.

काट्याबद्दल. मूळ काटा जपायचा असेल तर सेंडर (टाकीतली पातळी मोजून काट्याला कळवणारा फ्लोटचा भाग) काट्याच्या हिशेबाने घ्या, टाकीच्या हिशेबाने नको. बाजारात मिळणाऱ्या सेंडरांच्या जाती वेगवेगळ्या आहेत: रिकामी असताना ७३ ओहम आणि भरल्यावर १० (नंतरच्या सीजे आणि जुन्या फोर्ड), रिकामी ० आणि भरल्यावर ९० (जनरल मोटर्स), रिकामी २४० आणि भरल्यावर ३३ (बाहेरून लावायचे बहुतेक अमेरिकन काटे), रिकामी १० आणि भरल्यावर १८० (बरेच युरोपी). चुकीची जोडी लावलीत तर काटा उलटा चालेल, नाहीतर अर्ध्यावर बसून राहील.

तेव्हा जुना सेंडर फेकू नका. बाहेर काढा, मल्टीमीटर लावा, दांडी हाताने खालून वर न्या आणि दोन्ही टोकांचे आकडे लिहून ठेवा. गाडी अजून ६ व्होल्टवर आहे की कुणी १२ व्होल्ट केली, तेही बघा. मग त्या आकड्यांचा सेंडर २५ सेंमी खोलीसाठी मिळतो का ते शोधा. दांडीची लांबी कमीजास्त करता येणारे मिळतात, त्यांची पाच स्क्रूंची चकतीही ठरलेल्या मापाची असते. टाकी बनवण्याआधी सेंडर हातात असू द्या.

अजून एक. मूळ टाकी पत्र्याला घट्ट बोल्ट केलेली, म्हणून सेंडरला अर्थ आपोआप मिळत होता. नवी रबरावर बसणार. सेंडरच्या चकतीपासून चासीला स्वतंत्र अर्थची तार ओढा. फिलरचं तोंडही त्याच अर्थला जोडा. भरताना स्थिर विजेची ठिणगी नको.

फ्लोट_अडकला

पेट्रोल उचलणारी नळी टाकीत कुठे ठेवणार आहात? अजून कुणी विचारलं नाही म्हणून विचारतोय.

लो_रेंज

पुढच्या भिंतीजवळ. इंजिनकडे जाणारी नळी तिथूनच निघेल, सरळ पडते.

फ्लोट_अडकला

तीच भीती होती. कागद-पेन्सिल घ्या.

टाकी ४० सेंमी लांब. ३० अंशांच्या चढावर गाडी नाक वर करून उभी. पेट्रोलची पातळी आडवीच राहणार, म्हणजे टाकीच्या हिशेबाने ती पुढून मागे ४० सेंमीत २३ सेंमी चढणार. सगळं पेट्रोल मागच्या भिंतीकडे त्रिकोणात जमा. तो त्रिकोण पुढच्या भिंतीला टेकायला टाकीत सुमारे २८ लिटर लागतात. त्याहून कमी असेल तर तुमची नळी हवा ओढेल. काटा अर्ध्याच्या जरा खाली दाखवतोय आणि गाडी चढाच्या मधोमध बंद!

नळीचं तोंड मध्यावर आणलं तर त्याच चढावर ७ लिटरपर्यंत चालेल. बाजूच्या कलाचंही बघा. टाकी ६० सेंमी रुंद, कल २५ अंश, टाकीत ८ लिटर. सपाटीवर हे ८ लिटर तळावर सव्वातीन सेंमी उभे असतात, कलावर सगळे एका कुशीला जातात आणि मध्य नुकताच उघडा पडतो. म्हणून मध्याला तळातच एक छोटी खोलगट वाटी ठोकून घ्या, तोंड तिच्यात. तोंड वाटीच्या तळापासून सेंटीमीटरभर वर, म्हणजे पाणी-गाळ खाली राहील. वाटीच्या तळाला ड्रेन प्लग.

बॅफल म्हणजे आतले आडवे पत्रे. ते हिंदकळणं थोपवतात, कलावर पेट्रोल सरकणं थोपवत नाहीत. तो गैरसमज बराच दिसतो. वाटीभोवती भिंती घालून पेट्रोल आत येईल पण पटकन बाहेर जाणार नाही अशी झडप ठेवली, तरच कलावर थोडा वेळ निभावतं.

लो_रेंज

हे डोक्यातच आलं नव्हतं. मध्यावर घेतो. खोली २० सेंमी करून लांबी वाढवली तर?

फ्लोट_अडकला

लांबी जितकी वाढवाल तितका चढावरचा हिशेब बिघडेल. तुमच्या टाकीला वाटी असेल तर २५ चे २२ करा, ५३ लिटर मिळतील, आणि सुटण्याच्या कोनाचे ३ सेंमी परत. मी तरी तेच करीन.

सुटा_नट

हवेच्या नळीबद्दल कुणीच बोललं नाही, आणि मोठ्या टाकीची निम्मी दुखणी तिथेच असतात.

जुन्या टाकीचं झाकणच श्वास घेतं. नवीन टाकीला लोक दिसायला छान असं बंद झाकण घेतात, वेगळी हवेची नळी ठेवत नाहीत. पंप पेट्रोल ओढत राहतो, आत निर्वात होतं, काही अंतर गेल्यावर गाडी गुदमरून बंद. झाकण उघडलं की "सुस्स" आवाज, आणि गाडी पुन्हा चालू. मग लोक पंप बदलतात, कार्ब्युरेटर खोलतात, कॉइल बदलतात.

दोन वेगळ्या नळ्या लागतात. एक भरण्यासाठी: टाकीच्या माथ्यावरून फिलरच्या गळ्याच्या वरच्या टोकाला. पेट्रोल आत येताना हवा तिथून बाहेर. ती नसेल किंवा बारीक असेल तर भरताना नोझल दर दोन लिटरला खट् करून बंद होईल आणि तोंडातून फवारा येईल. या नळीचं टाकीतलं टोक माथ्यापासून दीड सेंमी खाली उतरवा. पातळी तिथे पोचली की हवा कोंडते, भरणं थांबतं आणि वर सहा-सात टक्के जागा मोकळी राहते. ती जागा फुकट जात नाही. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. थंड पेट्रोलने काठोकाठ भरलेली ६० लिटरची टाकी उन्हात २५ अंश तापली तर दीड लिटरला थोडं कमी पेट्रोल जागा मागतं. जागा नसेल तर ते जमिनीवर येतं.

दुसरी श्वासाची: समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून घ्या, कारण कलावर एक कोपरा बुडतो. दोन्ही फिलरच्या तोंडापेक्षा वर नेऊन एकत्र करा, तिथे गाडी उलटल्यास बंद होणारी झडप बसवा, आणि तिथून पुढे वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात सोडा. वाटेत कुठेही नळीला झोळ नको. झोळात पेट्रोल साचलं की श्वास बंद.

फिलरच्या गळ्यालाही तोच नियम, सतत उतार हवा.

ओहमचा_नियम

+१. झोळाचं तर दहा वेळा +१.

पाटा_स्प्रिंग

पंपाचं राहिलं. मेकॅनिकल पंप इंजिनवर, टाकी आता सगळ्यात मागे. पंप ओढतो तेव्हा नळीतला दाब हवेच्या दाबापेक्षा खाली जातो, आणि दाब उतरला की पेट्रोल लवकर उकळतं. नळी लांब, त्यात ती एक्झॉस्टच्या बाजूने नेलीत, तर उन्हात व्हेपर लॉक (नळीत वाफ होऊन पेट्रोल अडणं) ठरलेला. नळी आठ मिमीची, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने, चासीच्या आतल्या अंगाने न्या. टाकी आणि सायलेन्सर यांच्यामधे हवा खेळेल इतकी फट सोडून एक पत्रा.

तरीही त्रास झालाच तर टाकीजवळ, तिच्या तळाच्या पातळीला एक छोटा इलेक्ट्रिक पंप. हे पंप ढकलतात चांगलं, ओढतात वाईट. दाब ३ ते ४ पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) वर नको, कार्ब्युरेटरची सुई त्याच्यापुढे टिकत नाही आणि पेट्रोल वाहतं. आणि तो नुसत्या चावीवर कधीही जोडू नका. ऑइल प्रेशर स्विचमधून घ्या, म्हणजे इंजिन थांबलं की पंप थांबेल. सोबत धडक बसली की तुटणारा इनर्शिया स्विच.

रबरी नळ्या सगळ्या नव्या. जुनं रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकत नाही, मऊ पडून आतून सुटतं. नळीवर एसएई जे३० आर९ छापलेलं बघून घ्या. टाकीच्या आत बुडणारा तुकडा असेल तर मात्र आर१० लागते. आर९ बाहेरून पेट्रोलमध्ये बुडवण्यासाठी नसते.

जुना_पत्रा

झालं. आता कवच, ढाल, दोन हवेच्या नळ्या, उलटल्यावरची झडप, कोळशाचा डबा, उष्णतेचा पत्रा, वाटी, झडप, नवा सेंडर, अर्थची तार आणि कदाचित दुसरा पंप. मिळाले किती? ५३ वजा ४०. तेरा लिटर! माझा जेरीकॅन २० चा आहे.

लो_रेंज

हा हा, हिशेब मान्य. पण सीटखालून पेट्रोल बाहेर जातंय, तेवढ्यासाठी हे सगळं करायला मी तयार आहे. सुटलेल्या जागेत हत्यारांची पेटी.

एक मधला मार्गही सुचला होता: मूळ टाकी सीटखाली तशीच, आणि शेजारच्या सीटखाली तेवढीच दुसरी, दोन्ही तळाला एका नळीने जोडलेल्या. त्याने ८० लिटर होतात आणि मागे काही लोंबत नाही. वास मात्र दुप्पट. 🙂

फ्लोट_अडकला

तळाला उघडी जोडणी नको. गाडी बाजूला कलली की वरच्या टाकीतलं पेट्रोल खालच्या टाकीत उतरतं आणि ती भरून तिच्या झाकणातून बाहेर येतं. कलावर थांबून चहा घेतलात तर परत येईपर्यंत निम्मं खाली. दोन टाक्या हव्या असतील तर मधे बदलाचा कॉक, एका वेळी एकच चालू. लँड रोव्हरवाल्यांनी दोन्ही सीटांखाली टाक्या ठेवून हेच केलं. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाडीला एवढं पुरतं. डिझेल असेल तर परतीची नळीही त्याच कॉकने बदलली पाहिजे, नाहीतर एका टाकीतून ओढून दुसरी ओतू घालाल.

लो_रेंज

मग मागचीच. पोलाद १.६, खोली २२, मध्याला वाटी. टिगवाली ताई, बनवून आल्यावर गळती कशी तपासू? इथल्या एका वर्कशॉपात कॉम्प्रेसर लावून बघू म्हणतात.

टिगवाली

कॉम्प्रेसर थेट नको! चौकोनी टाकीला दाब सोसत नाही. तुमचा तळ ६० × ४०, म्हणजे २,४०० चौरस सेंमी. नुसता ३ पीएसआय दाब भरला तरी त्या एका पत्र्यावर ५०० किलोचा रेटा येतो. टाकी उशीसारखी फुगेल आणि आतल्या बॅफलचे टाके सुटतील.

एक पीएसआय पुरे. एक पीएसआय म्हणजे पाण्याचा ७० सेंमी उंच स्तंभ. सगळी तोंडं बंद करा, एका तोंडाला पारदर्शक नळी यू आकारात लावून तिच्यात पाणी घाला, दुसऱ्या तोंडातून सायकलच्या पंपाने हळूहळू हवा सोडा. नळीच्या दोन बाजूंतला फरक ७० सेंमी झाला की थांबा. मग प्रत्येक शिवणीवर, सेंडरच्या चकतीभोवती, ड्रेन प्लगच्या बुंध्याला ब्रशने साबणाचं पाणी. बुडबुडा दिसला की खडूने खूण. पाण्याची पातळी अर्धा तास हलली नाही तर टाकी चांगली. मात्र हे सगळं सावलीत करा. ऊन लागलं की आतली हवा तापून पातळी आपोआप वर जाते आणि बारीक गळती झाकली जाते.

तपासणी रंगाच्या आधी. रंग बारीक भोक तात्पुरतं बुजवतो.

ओहमचा_नियम

आणि बसवल्यावर पहिल्यांदा भरताना पाच-पाच लिटर मोजून घाला, दर वेळी काटा कुठे येतो ते लिहून ठेवा. टाकीचा आकार आणि सेंडर दोन्ही नवे, त्यामुळे जुन्या काट्यावरचं "अर्धं" आता अर्धं नसेल. तळाशी किती उरलं की काटा शून्याला टेकतो, हे खास बघा. सपाट जागी बघा, दादा.

लो_रेंज

बरं. ड्रेन प्लगला तांब्याचा वॉशर चालेल ना? पेट्रोल आहे, डिझेल नाही.

टिगवाली

चालेल. दर वेळी नवा घाला, वापरलेला घालायचाच असेल तर आधी लाल तापवून पाण्यात टाकून मऊ करा. टाकीपासून लांब नेऊन.